मते मोजावीत की माणसे मिळवावीत?

दिवाळी हा घरातल्या वाटण्या विसरून एका ओळीत पाने मांडण्याचा सण. नेमक्या अशा सणाला मी एका वाटणीची कथा सांगणार आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. वाटणी माझ्या घरची नाही, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवाद्यांच्या घरची आहे. पण गेली वीस वर्षे मी ग्लासगोत राहतो. राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून तेथील पार्लमेंटच्या निवडणुकीत मला मत आहे आणि ते मी न चुकता देतो. तेव्हा या भांडणात मी अगदीच तिऱ्हाईत नव्हे.

आधीच सांगून टाकतो, की १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात मी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिले. इंग्रजी राज्य सोसलेल्या देशातून आलेल्या माणसाने दुसरे काय करावे? (त्या राज्यात स्कॉटिश साहेबही काही कमी नव्हते, हे मी त्या दिवशी सोयीस्करपणे विसरलो!) आम्ही हरलो. होकार १६,१७,९८९ आणि नकार २०,०१,९२६; म्हणजे शंभरात पंचेचाळीसांच्या आसपास आम्ही, पंचावन्नांच्या आसपास ते. ग्लासगो शहराने मात्र होकार दिला होता. माझे शेजारी, एक निवृत्त गोदी कामगार, त्या रात्री अक्षरशः रडले. त्यांच्याबरोबर मीही दारोदार पत्रके वाटली होती.

पुढे २०२१ सालची निवडणूक आली. मतदान ६ मे रोजी व्हायचे होते, आणि अवघे सहा आठवडे आधी, २६ मार्चला, अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी ‘अल्बा’ नावाचा नवा पक्ष जाहीर केला. अल्बा हे स्कॉटलंडचे गेलिक भाषेतील नाव. सॅमंड म्हणजे कोणी ऐरेगैरे नव्हेत. स्कॉटिश नॅशनल पार्टीला सत्तेवर नेणारे, २००७ पासून २०१४ पर्यंत मुख्यमंत्रिपदी राहिलेले, आणि सार्वमत घडवून आणणारे तेच. त्यांच्यानंतर त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या निकोला स्टर्जन त्या खुर्चीवर बसल्या. मग गुरुशिष्येचे फाटले. सॅमंड यांच्यावरील तक्रारींची सरकारने केलेली चौकशी २०१९ साली न्यायालयात बेकायदेशीर ठरली. पुढे त्यांच्यावर फौजदारी खटला झाला आणि २०२० साली त्यातील एकाही आरोपात ते दोषी ठरले नाहीत. माणूस दुखावलेला होता हे खरेच. पण दुखावलेल्या माणसाने काढलेला पक्ष आपले दुखणे सांगत नाही, तो गणित सांगतो. अल्बानेही गणितच सांगितले.

ते गणित फराळाच्या भाषेत सांगतो. स्कॉटलंडच्या पार्लमेंटात १२९ जागा. मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात. पहिल्या मताने ७३ मतदारसंघांतून थेट उमेदवार निवडायचा. दुसरे मत विभागासाठी पक्षाला द्यायचे, आणि त्यावरून उरलेल्या ५६ जागा वाटायच्या. वाटणारी आजी मोठी न्यायी आहे. ज्या नातवाने आधीच नऊ लाडू पटकावले, त्याच्या दुसऱ्या मतांना ती दहाने भागते. ज्याला एकही मिळालेला नाही, त्याची मते भागल्याशिवाय मोजते. २०२१ साली आमच्या ग्लासगोत नऊच्या नऊ मतदारसंघ नॅशनल पार्टीचे होते. समजा, तिला विभागात एक लाख मते पडली, तर आजीच्या हिशेबी ती दहा हजारच. आणि एखाद्या नव्या पक्षाला नुसती पंधरा हजार पडली, तरी तो तिच्या पुढे!

“मग दुसरे मत वाया का घालवायचे?” शेजारी कुंपणावरून मला विचारीत. “पहिले मत जुन्या घराला दे, दुसरे अल्बाला. पार्लमेंटात आपले महाबहुमत होईल, आणि लंडनला सार्वमत नाकारता येणार नाही.”

हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. त्या निवडणुकीत नॅशनल पार्टीला दहा लाखांहून अधिक दुसरी मते पडली आणि त्यांतून जागा मिळाल्या फक्त दोन! हिशेब तंतोतंत बरोबर होता. त्यात एवढीच चूक होती, की मतदार म्हणजे आकडा नव्हे.

निकाल काय लागला? अल्बाला देशभरात १.७ टक्के मते मिळाली आणि जागा एकही नाही. नॅशनल पार्टी ६४, हरित पक्ष ८. मिळून स्वातंत्र्यवाद्यांच्या ७२ जागा. म्हणजे बहुमत तर अल्बावाचूनही झाले. “मग तुमच्या त्या नव्या पक्षाने बिघडवले तरी काय?” असे कोणी विचारील. जागांच्या हिशेबाने फार काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

समजा, अल्बाचे गणित फळले असते. नॅशनल पार्टी, हरित आणि अल्बा या तिघांची दुसऱ्या मतपत्रिकेवरची मते एकत्र केली, तर ती भरतात ५०.१ टक्के. अर्धी मते आणि वर चिमूटभर! एवढ्या मतांवर १२९ पैकी नव्वद जागा मिळवल्या असत्या, तर लंडनच्या मुत्सद्द्यांनी काय म्हटले असते? “घरात माणसे तेवढीच, पाने तेवढी जास्त मांडली!” आणि ते खोटे ठरले नसते. २०१४ साली ‘नको’ म्हणणाऱ्या वीस लाखांपैकी एकाचेही मन या युक्तीने वळणार नव्हते. उलट कुंपणावर बसलेला माणूस म्हणाला असता, की ज्यांना मला पटवता येत नाही, ते आता मला वगळून मोजू लागले.

जागांचे बहुमत आणि प्रश्नावरचे बहुमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इतर कोणाला नाही तरी सॅमंड यांना ठाऊक असायला हवे होते. २०११ साली त्यांनीच ६९ जागा जिंकून स्वबळावर बहुमत मिळवले होते, आणि तीनच वर्षांनी सार्वमतात ते हरले. ठेच त्यांनाच लागली होती. शहाणपण मात्र मागच्यालाही आले नाही आणि पुढच्यालाही नाही.

आपल्याकडे हा धडा गोव्याने दिला आहे. महाराष्ट्रात विलीन होण्याचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष तेथे १९६३ साली निवडणुकीतून सत्तेवर आला. लगेच अनेकांनी समजूत करून घेतली, की गोव्याचा कौल झाला. पण १६ जानेवारी १९६७ ला जनमताचा कौल प्रत्यक्ष घेतला, तेव्हा विलीनीकरणाला मते पडली १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१. गंमत अशी, की त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा निवडून आला! गोमंतकीयांनी पक्ष एक मोजला आणि प्रश्न दुसरा मोजला.

नव्या पक्षाने खरे नुकसान केले ते येथे. सहा आठवडे स्वातंत्र्यवादी माणसे दुसऱ्या स्वातंत्र्यवादी माणसांना समजावीत बसली. निवृत्तिवेतनाचे काय होईल, कोणते चलन राहील, इंग्लंडच्या सीमेवर जकातीची चौकी बसेल काय, असे साधे प्रश्न विचारणाऱ्या शेजारणीकडे जायला कोणाला सवड उरली नाही. शेजाऱ्यांच्या घरात तर दोन चुली झाल्या: बाप अल्बाचा, मुलगी जुन्या पक्षाची. जेवताना दोघेही स्कॉटलंडवर बोलत नसत. बोलत ते सॅमंड आणि स्टर्जन यांच्यावर.

जुन्या पक्षालाही मी मोकळे सोडणार नाही. ज्या घरात पोक्त माणसांना प्रश्न विचारायची चोरी होते, त्याच घरातून बिऱ्हाडे हलतात. “दोन्ही मते आम्हालाच द्या” एवढेच ज्याचे उत्तर, त्यानेही मतदाराला आकडाच मानले.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. बहुमत होते, तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की लंडनच्या संमतीवाचून स्कॉटिश पार्लमेंटला सार्वमताचा कायदा करता येत नाही. त्या कोर्टात ७२ जागा उपयोगी पडल्या नाहीत. नव्वद असत्या तरी कायदा तोच होता. जुलै २०२४ च्या ब्रिटिश निवडणुकीत नॅशनल पार्टी ४८ जागांवरून ९ वर घसरली, अल्बाला एकही मिळाली नाही. आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सॅमंड परदेशात अचानक वारले.

ती बातमी आली तेव्हा दिवाळी तोंडावर होती. मी चकल्यांचा डबा घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो. मुलगी आलेली होती. बापाचा हात धरून बसली होती. पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग म्हातारा म्हणाला, “माझी रस्त्यापलीकडची शेजारीण २०१४ साली ‘नको’ म्हणाली होती. का म्हणाली, हे दहा वर्षांत मी तिला एकदाही विचारले नाही.”

मी डबा उघडला, अर्ध्या चकल्या एका बशीत काढल्या आणि त्यांना म्हटले, “चला, आता विचारून येऊ.”