निनावी फिर्यादी

सांता फे खटल्याच्या निकालावरून २००० साली सुरू झालेला वाद अजून संपलेला नाही. टेक्सासमधल्या त्या शाळेत फुटबॉलच्या सामन्याआधी विद्यार्थ्याने लाउडस्पीकरवरून प्रार्थना म्हणावी की नाही, यावर अमेरिकेत ढीगभर लिहिले गेले. पण सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालपत्रात एक तळटीप आहे, तिच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. खालच्या न्यायालयाचा १९९५चा एक हुकूम तिथे उतरवून घेतला आहे. फिर्यादी कोण आहेत हे हुडकून काढण्याचे सगळे प्रयत्न ताबडतोब बंद करा, असे न्यायाधीशांनी बजावले होते. ते प्रयत्न कोणते, हेही हुकमात नोंदले आहे. खोटी निवेदने फिरवणे. प्रश्नावल्या वाटणे. एकेकाला गाठून चौकशी करणे. सरळसरळ पाळत ठेवणे. आणि हे बजावले होते शाळेच्या अधिकाऱ्यांना, शिक्षकांना, समुपदेशकांना, पालकांना आणि विद्यार्थ्यांनाही.

प्रार्थना कोणाला नको आहे, याचा उलगडा शिक्षक पाळत ठेवून करू पाहत असतील, तर त्या मैदानावरच्या प्रार्थनेला ऐच्छिक कसे म्हणायचे? शाळा शेवटपर्यंत तसेच म्हणत राहिली.

फिर्याद देणारी कुटुंबे दोन होती. एक कॅथलिक, दुसरे मॉर्मन. दोन्ही घरे देवाला मानणारी, प्रार्थना करणारी. त्यांच्यातली एक मुलगी सातवीत असताना इतिहासाच्या तासाला शिक्षकांनी बॅप्टिस्टांच्या धर्मसभेची पत्रके वाटली. बॅप्टिस्ट नसलेल्यांनी आले तर चालेल का, एवढेच तिने विचारले. शिक्षकांनी तिचा धर्म विचारला. मॉर्मन आहे कळल्यावर त्यांनी भर वर्गात तिच्या पंथाचे वाभाडे काढले. तिचे कुटुंब टोपणनावाने कोर्टात का गेले, हे यापुढे कोणाला समजावून सांगावे लागू नये.

शाळेचा सगळा भर मतदानावर होता. प्रार्थना व्हावी की नाही यावर मुलांनी मत दिले, आणि कोणी म्हणावी हेही मुलांनीच ठरवले. शाळेचा संबंध कुठे येतो, असा तिचा सवाल होता. मतपत्रिका गुप्त होती, हे खरे. पण मतपेटीपुढे मिळणारा आडोसा मैदानावर मिळत नाही. तिथे दिवे लागलेले असतात, गाव जमलेले असते, भोंग्यातून प्रार्थना सुरू होते आणि माना खाली जातात. जिची मान वर राहते ती सगळ्यांना दिसते. नको असेल तर सामन्याला येऊ नका, हे म्हणणेही फसवे आहे. संघातल्या खेळाडूंना, बँडमधल्या मुलांना, चिअरलीडर मुलींना यावेच लागते. कधी कधी त्यावर अभ्यासक्रमाचे गुण अवलंबून असतात. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निकालात हे नेमके हेरले. सहा विरुद्ध तीन मतांनी प्रार्थना थांबली. हा निकाल सार्वजनिक जीवनातल्या धर्माशी वैर धरतो, असे मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी विरोधी मतात लिहिले. पण फिर्यादी होते देवाला मानणारे. मग वैर नक्की कोणाशी?

बावीस वर्षांनी वारे फिरले. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या शाळेतले फुटबॉल प्रशिक्षक जोसेफ केनेडी सामना संपला की मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकून प्रार्थना करत. ते २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले, पुन्हा सहा विरुद्ध तीन. सांता फेची प्रार्थना लाउडस्पीकरवरून सगळ्यांच्या कानी पडत होती आणि केनेडींची त्यांची स्वतःची होती, असा फरक न्यायालयाने केला. मुलांवर जबरदस्ती झाल्याचा पुरावा बहुमताला दिसला नाही. खटल्याच्या कागदपत्रांत एका खेळाडूच्या वडिलांची तक्रार नोंदलेली आहे. मुलगा नास्तिक होता. तरी तो प्रार्थनेत सामील होत असे, कारण सामील झालो नाही तर कमी खेळायला मिळेल असे त्याला वाटे. प्रशिक्षकांचे नाव आज देशभर ठाऊक आहे. या मुलाचे नाव निकालपत्रात नाही आणि ते नसणेच योग्य आहे. मैदानात कोणाला उतरवायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या प्रार्थनेबद्दल मुलगा तोंड उघडेल आणि पुरावा तयार होईल, अशी वाट न्यायालयाने का पाहावी?

नाव सांगून नको म्हटले तर काय होते, हे बघायला आपल्याला नाशिकच्या पलीकडे जावे लागत नाही. तिथल्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायचे नाकारले. ते शांतपणे उभे राहत, कोणाला अडवत नसत. त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. हात जोडण्याची सक्ती करता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले ते २०१३ साली. दरम्यान कित्येक वर्षे गेली होती. हे गृहस्थ मोठे होते, नोकरीत होते, भांडायला उभे राहिले. सातवीतल्या मुलीला हे कसे जमावे?

मुलांच्या श्रद्धेला मैदानावर जागा नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट, ती जागा असलीच पाहिजे, आणि जिथे तिला खरे संरक्षण हवे असते तिथेच ते मिळत नाही, याचा मला राग आहे. ओहायोत २०१९मध्ये एक मुस्लिम विद्यार्थिनी क्रॉस कंट्रीच्या शर्यतीत हिजाब घालून धावली. शर्यत पूर्ण केली. निकालाच्या कागदावर तिची वेळ नव्हती. डोक्यावरच्या वस्त्रासाठी आगाऊ परवानगी लागते, ती घेतली नव्हती, म्हणून तिला बाद केले होते. शर्यतीआधी तिला कोणी हे सांगितलेही नव्हते. अशा परवानगीची अट काढायला त्या राज्याला २०२२मध्ये कायदा करावा लागला. त्या मुलीने कोणाला मान खाली घालायला लावले नव्हते. तिला माईक नको होता, कोणाचे मतही नको होते. शेजारून धावणाऱ्या मुलीचा धर्म कोणता, याने तिच्या श्रद्धेला काही फरक पडत नव्हता. विद्यार्थ्याची धार्मिक अभिव्यक्ती म्हणतात ती हीच. लाउडस्पीकरवरच्या प्रार्थनेला मात्र शेजारी लागतो, आणि तो गप्प असलेला लागतो.

आता माईक परत येतो आहे. फ्लोरिडाने २०२३मध्ये कायदा करून शालेय अजिंक्यपदाच्या सामन्यांत प्रत्येक शाळेला सुरुवातीला दोन मिनिटे लाउडस्पीकरवरून बोलण्याची मुभा दिली. त्या दोन मिनिटांत प्रार्थनाही म्हणता येते. हे बोलणे स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचे नाही, असे आधी जाहीर करायचे, म्हणजे संघटना मोकळी. पण रांगेत उभ्या असलेल्या, वेगळ्या धर्माच्या किंवा धर्मच न मानणाऱ्या खेळाडूला त्या घोषणेने काय मिळते? तिला आक्षेप घ्यायचा असेल तर प्रार्थनेचा मुद्दा मांडण्याआधी तिच्या वकिलाला न्यायालयात पहिला अर्ज करावा लागेल तो तिचे नाव गुप्त ठेवण्याचा.