डाव सगळ्यांना हवा

पंढरपूरहून परतलेली गजानन महाराजांची पालखी या आठवड्यात खामगावहून निघाली आणि शेगावला पोचली. शेवटचा हा टप्पा जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरचा, पण त्या दिवशी अख्खं वऱ्हाड त्या रस्त्यावर उतरतं. कुणी अनवाणी, कुणी लेकराला खांद्यावर घेऊन, कुणी नुसतीच गर्दी पाहायला. बातमी एवढीच.

या सदराचा लेखकही त्या गर्दीत होता. त्याचा जीव भक्तीपेक्षा फुकटच्या उसळीवर जास्त, हे नेहमीच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण यंदा उसळीनंच त्याचं डोकं फिरवलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मंडपच मंडप. चहा, केळी, साबुदाण्याची उसळ, मसालेभात, बुंदी, पुन्हा चहा. एका मंडपातून सुटलं की पुढच्या मंडपातलं पोट्टं हात धरतं: "घेतल्याबिगर जाऊ नका, माउली!" पोट भरलं म्हणून हात जोडणाऱ्या एका आजींच्या भरल्या द्रोणात एकानं आणखी एक डाव ओतला. आजी काही बोलल्या नाहीत. चार पावलं पुढे गेल्या, रस्त्याच्या कडेला द्रोण ठेवला, पदराला हात पुसले आणि चालू लागल्या. त्या जागी आधीच्या द्रोणांचा ढीग होताच. वर फलक होता. फलकावर महाराज कोपऱ्यात आणि उरलेल्या जागेत भाऊ, दादा, साहेब.

सोबत निवृत्त गुरुजी होते. गुरुजींच्या गावाचाही मंडप असतो. त्यांनी सांगितलं की बैठकीत वाढायला कोण, असं विचारलं तेव्हा नावं लिहून घ्यायला कागद पुरला नाही. उष्ट्याच्या ड्रमपाशी कोण, असं विचारलं तर सगळे एकदम छताकडे पाहू लागले. डाव सगळ्यांना हवा. ड्रममागचं पुण्य कोणत्या खात्यात जमा होतं, याची कुणाला खात्री नाही.

आणि हे सगळं कुणाच्या नावानं चाललंय? २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर फेकलेल्या पत्रावळींतली शितं वेचून खाणारा एक अनोळखी माणूस बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांना दिसला, ती महाराजांची पहिली ओळख. पोथीतला हा प्रसंग वऱ्हाडातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतो. अन्नाचं शीत टाकू नये, एवढं तरी त्यातून घ्यायला हरकत नव्हती. आपण पत्रावळींचे ढीग तेवढे घेतले.

शेगावच्या मंदिरात पाय ठेवला की मात्र चित्र पालटतं. हजारोंची पंगत उठते आणि पुढची बसेपर्यंत फरशी कोरडी असते. पुसणारे पगारी नोकर नाहीत, गावोगावचे सेवेकरी आहेत. पाळी लागली की घरची शेतीवाडी दुसऱ्यावर सोपवून यायचं, चपला सांभाळायच्या, झाडू मारायचा, भांडी घासायची आणि समोर येईल त्याला माउली म्हणायचं. हा शिरस्ता ज्यांनी बसवला ते शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. संस्थानाचा चहासुद्धा ते घेत नसत, असं शेगावात आजही सांगतात. आता या सेवेकऱ्यांचा हेतू काय, तर उघडच धार्मिक. महाराजांची सेवा घडावी, आपलं भलं व्हावं. निर्हेतुक वगैरे काही नाही. पण फरशी लख्ख असते.

गुरुजींना हे पटत नाही. त्यांच्या मते मनात पुण्याची आशा धरून दिलेलं दान हे दान नव्हे, व्यवहार. त्यांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे देवळातले पंखे. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांची नावं असतात आणि उन्हाळ्यात पंखा सुरू केला की एकही वाचता येत नाही. पायरीवर नाव, बाकावर नाव, पाण्याच्या टाकीवर तर नावासकट गाव आणि दुकानाचा फोन. वर पावती हवी, करसवलतीची. त्यातही अलीकडे गंमत झाली आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि तिच्यात देणगीची ही सवलत मिळत नाही. जुनी निवडली तरी दोन हजारांच्या वरची रोख देणगी चालत नाही. म्हणजे चित्रगुप्ताची वही राहिली, सरकारची बंद. निष्काम दानासाठी अर्थखात्यानं याहून जास्त काय करायचं?

निरपेक्षपणाचा हा हट्ट जुना आहे. आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या सूफी संत राबियाबद्दल सांगतात की ती एका हातात पेटता पलिता आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन धावत सुटली होती. स्वर्ग जाळायचा आणि नरक विझवायचा, म्हणजे लोक लोभानं किंवा भीतीनं देवावर प्रेम करणार नाहीत. आपल्या तुकोबांनीही मोक्ष नको म्हणून सांगितलंच होतं. पण ही माणसं वेगळी. बाकीच्यांना देताना आतून बरं वाटतं. जेम्स अँड्रिओनी या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९९० च्या सुमारास या बरं वाटण्याला हिशेबात धरूनच दानाचं अर्थशास्त्र मांडलं. म्हणजे चोख निःस्वार्थी माणूस त्यालाही कमीच भेटला असावा.

हेतूपेक्षा नजर कुठे आहे, हे पाहावं. १८९७ मध्ये कोलकात्यात विवेकानंदांकडे एक गोरक्षण प्रचारक वर्गणी मागायला आला, तेव्हा मध्य भारतात दुष्काळानं माणसं मरत होती. त्यांच्यासाठी तुमची संस्था काय करते, असं स्वामींनी विचारलं. आम्ही फक्त गाई पाहतो, माणसं आपल्या कर्मानं मरतात, असं उत्तर आलं. मग गाईही आपल्या कर्मानंच कसायाकडे जात असतील, असं स्वामींनी त्याला सुनावलं. प्रचारक धार्मिक होता, स्वामीही धार्मिकच. त्याच वर्षी १ मे रोजी रामकृष्ण मिशन स्थापन झालं.

विवेकानंदांचं नाव निघालं की बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला आधी वांग्याची भाजी आठवते, त्याला इलाज नाही. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात शुकदास महाराजांनी विवेकानंद जयंतीचा जो उत्सव सुरू केला, त्यात शेतात रांगाच्या रांगा बसतात आणि मधून ट्रॅक्टर फिरतात. ट्रॉलीतून पुऱ्या, ट्रॉलीतून वांग्याची भाजी. शुकदास महाराज २०१७ मध्ये गेले, ट्रॅक्टर फिरतातच आहेत. ती भाजी घरी का जमत नाही, यावर वऱ्हाडात दोन मतं आहेत. एक मत कढईच्या आकाराला श्रेय देतं, दुसरं श्रद्धेला. लेखकाच्या मते तर्री आणि थंडीतली उघड्यावरची भूक, या दोघींचं ते काम आहे. तिथे कोण कुणाशेजारी बसलंय हे कुणी विचारत नाही आणि ट्रॅक्टरवरच्या वाढप्याला थांबून फोटो काढायला सवड नसते.

सैलानीला मात्र भूक वेगळी असते. पिंपळगाव सराईजवळच्या या दर्ग्यावर होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि सगळ्या धर्मांचे लोक आपल्या वेड लागलेल्या माणसाला बरं करायला आणतात. आणणारे प्रेमानंच आणतात. पण काही जण परत जाताना त्याला तिथेच सोडून जातात. अशा बेवारस मनोरुग्णांचा सांभाळ चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला नंदकुमार आणि आरती पालवे करतात, त्यांच्या सेवासंकल्प प्रतिष्ठानात. आंघोळ घालायची, जखमा धुवायच्या, केस कापायचे, गोळ्या वेळेवर पोटात जातील हे बघायचं. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, तो आभार कुठून मानणार?

असं काम चालतं तिथे वाढदिवसाला जिलबी घेऊन जायची आता चांगलीच रीत पडली आहे. जिलबीला कुणाची ना नाही. पण साबण, डायपर, फिनेल आणि महिनोन्महिने चालणारी औषधं यांचा खर्च रोजचा असतो, त्याला वाढदिवस नसतो. गुरुजींना हे चार वेळा ऐकवल्यावर त्यांनी यंदा नातवाची जिलबी रद्द करून साबणाचं खोकं घेतलं. खोक्यावर नातवाचं नाव मात्र टाकलंच, ठळक मार्करनं, खाली गावासकट.