वाफ ओढणारा तंबाखूवाला की नाही?

आरोग्य विम्याचा प्रस्ताव-अर्ज तुमच्यापैकी पुष्कळांनी घरी पाहिला असेल. नाव, वय, उंची, वजन, पूर्वीचे आजार अशी माहिती भरून झाली की एक प्रश्न बहुधा येतोच : ‘आपण धूम्रपान अथवा तंबाखूचे सेवन करता काय?’ पुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन असतात. आता समजा, ठाण्यात माजिवड्याला राहणारा पंचविशीतला एक तरुण हा अर्ज भरतो आहे. तो विडी-सिगारेट ओढत नाही, तंबाखूही मळत नाही. मात्र खिशात पेनासारखी दिसणारी एक नळी बाळगतो आणि दिवसातून दहा-बारा वेळा तिची वाफ ओढतो. त्याने कोणत्या चौकोनात खूण करावी?

प्रश्न चौकोनापुरता असता तर त्यावर लिहायचे कारण नव्हते. पण तीन-चार वर्षांनी हाच तरुण छातीच्या दुखण्याने रुग्णालयात दाखल झाला आणि दोन लाखांचे बिल आले, की विमा कंपनी तो जुना अर्ज बाहेर काढते. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो, हे तत्त्व इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली एका निकालात मांडले, आणि आपल्याकडेही ते मानले जाते. महत्त्वाची गोष्ट माहीत असून दडवली, तर कंपनी दावा नाकारू शकते.

तेव्हा प्रथम पाहू, की त्या नळीत असते काय. एक लहान बॅटरी, तारेचे एक वेटोळे आणि थोडा द्रव. या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. बॅटरीच्या विजेने वेटोळे तापते व द्रवाचे बारीक तुषार होतात. आपण ‘वाफ’ म्हणतो खरे, पण शास्त्रीय दृष्ट्या तो एक वायुकलिल असतो, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांचा ढग. याचे आजचे रूप चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ साली तयार केले. त्यात काही जळत नाही. झुरका घेताना सिगारेटच्या जळत्या टोकाचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि त्या ज्वलनातून हजारो रासायनिक पदार्थ निर्माण होतात. वाफेत ते बरेच कमी असतात. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. वेटोळे फार तापले की ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचेही विघटन होते आणि फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन यांसारखी द्रव्ये तयार होतात.

यात तंबाखूचे पान कोठेच नाही, असे वाफ ओढणारे सांगतात. खरे आहे. पण निकोटीन बहुतेक वेळा तंबाखूच्या पानांतूनच काढलेले असते. अलीकडे ते प्रयोगशाळेतही बनवतात. मग प्रयोगशाळेतले निकोटीन वेगळे मानायचे काय? उसाची साखर आणि बिटाची साखर आठवा. दोन्ही शुद्ध केल्यावर सुक्रोजच. जिभेला ऊस कोठला आणि बीट कोठले हे कळत नाही. निकोटीनचेही तसेच आहे. त्याचे रेणुसूत्र C च्या जागी नागरी लिपीत सांगायचे तर कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ आणि नायट्रोजनचे २ अणू. पान असो की परीक्षानळी, मेंदूतील ग्राही जागांवर तोच रेणू बसतो, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि सवय लागते.

माजिवड्याचेच उदाहरण पुढे नेऊ. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग आणि घोडबंदर रस्ता जेथे मिळतात, तो हा नाका. भोवती उंच इमारती, आणि त्यांच्या मध्ये जुने गावठाण. अशा गावठाणांतून आजही मशेरी लावणाऱ्या आजी भेटतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि ती दातांना, हिरड्यांना चोळायची. आजींना विचारा, ‘तंबाखू खाता का?’ उत्तर येईल, ‘छे रे बाबा, मी फक्त मशेरी लावते.’ आजी खोटे बोलत नाहीत. त्यांच्या मते ते दात घासणे आहे. इमारतीतला तरुण ‘मी फक्त व्हेप ओढतो’ म्हणतो, तेव्हा तो आजींच्याच शाळेतला विद्यार्थी असतो! मशेरीच्या बाबतीत कायद्याने गोंधळ ठेवलेला नाही. तंबाखूजन्य पदार्थांच्या २००३ च्या कायद्याला जोडलेल्या यादीत विडी, सिगारेट, हुक्क्याची तंबाखू, तपकीर, गुटखा यांच्याबरोबर तंबाखूयुक्त दंतमंजनही आहे.

ई-सिगारेट मात्र त्या यादीत नाही. तिच्यासाठी २०१९ च्या सप्टेंबरात वटहुकूम आणि डिसेंबरात स्वतंत्र कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात या सर्वांवर बंदी आली. विक्रीसारख्या गुन्ह्यांना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याची व्याख्या मोठी चतुर आहे : द्रवात निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून हुंगण्याजोगे तुषार करणारे उपकरण म्हणजे ई-सिगारेट. म्हणजे एका कायद्यात ती तंबाखूजन्य पदार्थ नाही, आणि दुसऱ्या कायद्यात ती तंबाखूपेक्षाही कडक बंदीखाली आहे. विडी नाक्यावर उघड विकता येते (शाळेपासून १०० यार्ड सोडून, आणि अठरा वर्षांवरील गिऱ्हाइकाला), व्हेप कोणालाच विकता येत नाही. अशा वेळी अर्जातल्या नुसत्या ‘तंबाखू’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा? करारातील संदिग्ध शब्द तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावा, असे न्यायालये मानतात. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या वकिलांना बोलायला भरपूर जागा आहे, आणि तोवर बिल मात्र रोग्याच्या घरच्यांनी भरलेले असते.

विमा कंपनीच्या बाजूने थोडे गणित करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. एक हजार विमेदारांपैकी वर्षात २० जण आजारी पडले आणि प्रत्येकी एक लाख खर्च आला, तर एकूण २० लाख. प्रत्येकाचा वाटा २,००० रुपये. आता या हजारांत तंबाखू सेवन करणारे २०० असून आजारी पडलेल्यांपैकी ८ जण त्यांच्यातले निघाले, तर त्यांचा न्याय्य हप्ता ४,००० रुपये होतो आणि उरलेल्या ८०० जणांचा १,५००. सर्वांना २,००० लावले, तर व्यसन नसलेला मनुष्य दर वर्षी ५०० रुपये दुसऱ्याच्या तंबाखूसाठी भरतो. म्हणून प्रश्न विचारण्याचा कंपनीला अधिकार आहे, यात मला शंका वाटत नाही.

अडचण पुढे आहे. वाफ ओढणाऱ्याला ४,००० लावायचे की १,५००? सिगारेटविषयी आपण खात्रीने बोलतो, ते कशाच्या जोरावर? रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच सवयी टिपायला सुरुवात केली. पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला : आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी मरतात. पन्नास वर्षे लागली! ई-सिगारेटचे वयच त्याच्या निम्म्याहून कमी. ब्रिटनमधील सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ साली तिचा धोका सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी असल्याचे म्हटले आणि त्यावर बराच वादही झाला. गंमत अशी, की त्याच देशातील बहुतेक आयुर्विमा कंपन्या वाफ ओढणाऱ्याला धूम्रपान करणाऱ्यांतच बसवतात. दुसरीकडे अमेरिकेत २०१९ मध्ये वाफ ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या तीव्र विकाराची साथ आली. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ रोगी आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्याचे मुख्य कारण मात्र निकोटीन नव्हते, तर गांजातील द्रव्याच्या नळ्यांत मिसळलेले ई-जीवनसत्त्वाचे अ‍ॅसिटेट होते. म्हणजे नळीत नेमके काय भरले आहे, हे ओढणाऱ्यालाही ठाऊक नसते. चोरट्या बाजारातून आलेल्या मालाचे तर बोलायलाच नको.

तपासणी करून उत्तर मिळेल, असे कोणी म्हणेल. यकृतात निकोटीनपासून कोटिनीन बनते. निकोटीन दोन तासांत निम्मे होते, कोटिनीनला निम्मे व्हायला सुमारे सोळा तास लागतात. ६४ तासांनीही त्याचा सोळावा भाग उरतो, म्हणून लघवीत वा रक्तात ते दोन-तीन दिवस सापडते. पण कोटिनीन विडीचे, मशेरीचे, व्हेपचे सारखेच. इतकेच काय, सिगारेट सोडण्यासाठी २ मिलिग्रॅम निकोटीनचे च्युइंगगम चघळणाऱ्याच्याही लघवीत ते सापडते. व्यसन सोडण्याची खटपट करणारा आणि व्यसनात बुडालेला, दोघांचा अहवाल एकच! श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजले तर फक्त जाळून ओढणारा ओळखता येतो. वाफेवाला आणि मशेरीवाली, दोघेही सुटतात.

माझे मत असे आहे. माहिती देण्यापुरते वाफ ओढणे हे तंबाखूसेवनच समजावे. आमच्या तरुणाने ‘होय’वर खूण करावी आणि शेजारी ‘ई-सिगारेट’ असे स्वच्छ लिहावे. वस्तू बंदीची आहे म्हणून लिहायला भीती वाटेल, हे समजते. पण लपवण्याची किंमत त्याहून मोठी आहे. हप्ता ठरवताना मात्र कंपनीने त्याला डोळे मिटून विडीवाल्यांच्या रांगेत उभे करू नये. वेगळी नोंद ठेवावी, म्हणजे वीस वर्षांनी तरी आपल्याकडे आपले आकडे असतील. महाराष्ट्रात ही गरज अधिक आहे. २०१६-१७ च्या पाहणीत येथील २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरणारे आढळले, आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्केच. लंडनची कोष्टके आपल्या काय कामाची?

एका गोष्टीची मला अधिक काळजी वाटते. दावा नाकारला जाईल या धास्तीने लोक डॉक्टरांपासूनही सवय लपवतात. केसपेपरावर ‘तंबाखू : होय’ असे लिहिले गेले तर कंपनी ते वाचील, म्हणून घरचेच रोग्याला दटावतात, ‘काही सांगू नकोस.’ शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना रोगी निकोटीन घेतो की नाही, हे कळणे अत्यंत जरुरीचे असते. विम्याच्या अर्जातला एक ढिसाळ प्रश्न असा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतो.

शाळकरी मुलांचाही यात संबंध आहे. कुटुंबाचा एकत्रित विमा घेताना अर्ज वडील किंवा आई भरतात आणि मुलाच्या नावापुढे विश्वासाने ‘नाही’ लिहितात. दप्तरातली नळी त्यांना ठाऊक नसते. माहीत नसलेली गोष्ट दडवली असे म्हणता येत नाही. परंतु माहीत नव्हती हे कंपनीला पटवून देण्यात महिने जातात. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली ठरवून दिले, की सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येणार नाही. हा नियम चांगला आहे. पण पहिली पाच वर्षे उरतातच.

अर्जातला प्रश्न बदलणे काही अवघड नाही. ‘गेल्या बारा महिन्यांत आपण निकोटीन कोणत्याही स्वरूपात घेतले काय?’ आणि खाली सात रकाने : विडी-सिगारेट, तंबाखू, गुटखा, मशेरी, तपकीर, ई-सिगारेट, आणि व्यसन सोडण्यासाठी घेतलेले च्युइंगगम वा पट्टी. शेवटच्या रकान्यात खूण करणाऱ्याला जादा हप्ता लावू नये.