पुष्पिका नसलेली पोथी आणि डेबियन

मराठीच्या प्राध्यापकांनी संगणकाच्या आज्ञावल्यांविषयी लिहावे हा अव्यापारेषु व्यापार आहे, हे आम्हांला मान्य आहे. तरीही लिहीत आहोत, कारण ज्या प्रकरणात आम्ही सापडलो ते अखेरीस आमच्याच विषयाचे निघाले.

झाले असे, की आमच्या एका माजी विद्यार्थ्याने देवनागरी अक्षरांचा एक फॉन्ट तयार केला. तो डेबियन या मुक्तस्रोत प्रणालीतून सर्वांना मिळावा अशी त्याची इच्छा होती. डेबियन हा इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला प्रकल्प. जगभरचे स्वयंसेवक तो चालवतात. त्यात कोणतीही आज्ञावली जशीच्या तशी दाखल होत नाही, तिचे 'पॅकेज' बांधावे लागते. ती कोणी लिहिली, परवाना कोणता, तिला चालायला आणखी काय लागते, तिच्या फायली संगणकात कुठे ठेवायच्या, हे सारे ठरावीक जागी ठरावीक रीतीने नोंदवावे लागते. या कामाची मराठी पुस्तिका त्याच्या पाहण्यात नव्हती. एका कार्यशाळेत वाटलेली इंग्रजी टिपणे मात्र त्याच्याजवळ होती. ती आमच्यापुढे ठेवून तो म्हणाला, "सर, मॅडम, एवढे मराठीत करून द्या. माझ्यासारख्या पुष्कळांना उपयोग होईल."

आम्ही दोघांनी उन्हाळ्याची सुटी त्यात घातली. परिभाषेवरून भांडलो, 'मेंटेनर'ला 'पालक' म्हणावे की 'सांभाळकर्ता' यावर दोन संध्याकाळी खर्च केल्या, आणि साठेक पानांचे बाड जूनमध्ये त्याच्या हाती दिले. आठवड्याने तो परत आला. आमच्या मराठीत खोट नव्हती (असे तो म्हणाला), पण सांगितल्याबरहुकूम केले तर पॅकेज बांधलेच जात नव्हते. ज्या टिपणांचा आम्ही अनुवाद केला होता ती कधीच कालबाह्य झाली होती.

कधीच म्हणजे कधी? वरचे पान गहाळ होते आणि शेवटच्या पानावर नाव नव्हते की साल नव्हते. हस्तलिखितांच्या भाषेत सांगायचे तर पोथीची पुष्पिका हरवली होती. आता हे काम आमच्या ओळखीचे होते. एम.ए.च्या वर्गात आम्ही पाठचिकित्सा शिकवतो आणि अंतर्गत पुराव्यावरून काळ कसा ठरवायचा हे फळ्यावर लिहून देतो. तेच येथे केले. टिपणांतल्या नमुना फायलीत 'स्टँडर्ड्स-व्हर्जन' या शीर्षकापुढे ३.७.२ हा आकडा होता. ही डेबियनच्या नियमपुस्तकाची २००६ सालची आवृत्ती, आणि तिच्यानंतरची ३.७.३ आली २००७च्या डिसेंबरात. दुसरा पुरावा असा, की पॅकेज बांधण्याचे टप्पे सांगणारी 'रूल्स' नावाची फाइल टिपणांत पान भरून होती, एकेका कामासाठी एकेक आज्ञा, आणि त्यांत 'डीएच-क्लीन'चा एक जुना पर्याय. डेबहेल्पर या साहाय्यक साधनसंचाच्या सातव्या आवृत्तीत, २००८ साली, त्या पर्यायाच्या जागी 'डीएच-प्रेप' ही वेगळी आज्ञा आली. त्याच आवृत्तीत 'डीएच' ही एकच आज्ञा अशी आली, की पानभर 'रूल्स' तीन ओळींत मावू लागली. टिपणांना यातले काहीच ठाऊक नव्हते. तेव्हा ती २००६ ते २००८च्या दरम्यानची, हे निश्चित. डेबहेल्परची 'सुसंगतीची पातळी' म्हणून त्यांत दिलेला ५ हा आकडा तर आजचे डेबहेल्पर स्वीकारतच नाही. तो आकडा ज्या स्वतंत्र फाइलीत लिहायला सांगितला होता तिचीही आता गरज उरलेली नाही.

काळ ठरवल्याचा आनंद क्षणभर झाला, हे कबूल करतो. मग सुटी वाया गेल्याचे लक्षात आले.

आमच्या शास्त्रात 'शुद्ध पाठ' म्हणजे मूळ कर्त्याच्या हाताच्या अधिक जवळचा पाठ. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मागे जाऊन, मध्यंतरी शिरलेले अपपाठ दूर सारून. आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असेही बजावून ठेवले. आपल्याकडे संहितेची काळजी घेणे म्हणजे तिला बदलापासून वाचवणे. पॅकेजच्या मार्गदर्शिकेची काळजी घेणे याच्या नेमके उलट असते. तेथे प्रमाण आहे ती आज चालणारी आज्ञावली. मार्गदर्शिकेतले वाक्य कितीही मुळातले असो, आज्ञावली बदलली की ते अपपाठ ठरते. ते लिहिणाऱ्याने काहीही चूक केलेली नसते. वाक्य जागच्या जागी राहते आणि त्याखालची जमीन सरकते.

म्हणून जुने पुसूनच टाकायचे का? आमच्यातल्या साहित्याच्या माणसाला हे सोसवत नाही, आणि डेबियनलाही सोसवत नसावे. प्रत्येक पॅकेजबरोबर 'चेंजलॉग' ही फाइल असावीच लागते. कोणत्या आवृत्तीत काय बदलले, कोणी बदलले, कोणत्या दिवशी, हे त्यात क्रमाने नोंदलेले असते. प्रत्येक नोंदीखाली नाव आणि तारीख. म्हणजे दर आवृत्तीला एक पुष्पिका. मार्गदर्शिकांचेही तसेच आहे. योसिप रोदिन यांनी सुरू केलेली आणि पुढे ओसामू आओकी यांनी सांभाळलेली नवागतांसाठीची मार्गदर्शिका पुष्कळ वर्षे चालली. नंतर आओकींनीच नवी मार्गदर्शिका लिहिली. जुनी काढून टाकली नाही, तिच्या आरंभी 'आता नवी वाचा' अशी सूचना घातली. आमच्यासारखे प्रस्तावना ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर जाणारे वाचक त्या सूचनेचे काय करतील, हा प्रश्न वेगळा. असो.

टिपणांवरून आम्ही मूळ नियमपुस्तकाकडे, 'डेबियन पॉलिसी'कडे गेलो आणि तेथे अधिक काळ रमलो. हे पुस्तक सहसा नवा पायंडा पाडत नाही. चांगले पालक (शब्द शेवटी हाच ठरला) जे आधीपासून करत आले आहेत आणि जे बहुतेकांना पटले आहे, ते त्यात नियम म्हणून येते. वैयाकरणाने असेच वागावे असे आम्ही वर्गात सांगतो. पण खरी मौज क्रियापदांत आहे. इंग्रजीतली 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' ही तीन साहाय्यक क्रियापदे तेथे काटेकोरपणे वापरलेली आहेत. 'मस्ट'चा नियम मोडला तर पॅकेज सहसा स्वीकारार्ह राहत नाही. 'शुड'चा मोडला तर तो दोष मानला जातो, पण तेवढ्यासाठी पॅकेज बाहेर काढत नाहीत. 'मे' असेल तिथे ज्याची त्याची मर्जी.

हे मराठीत कसे आणावे? आमच्या पहिल्या खर्ड्यात तिन्हींसाठी '-आवे' होते. 'फाइल येथे ठेवावी.' वाचायला किती सुबक! पण हा विध्यर्थ आज्ञा करतो, सुचवतो, विनवतो आणि परवानगीही देतो, आणि यातले नेमके काय करतो ते सांगत नाही. मग आमच्या ध्यानात आले, की आपले लेखनविषयक नियम याच विध्यर्थात लिहिलेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ची चार नियमांची भर, सगळीकडे 'द्यावा', 'लिहावे', 'असावा'. त्यांतला कोणता नियम मोडला तर लेखन अशुद्ध, कोणता मोडला तर नुसते वेगळे, हे नियमाच्या वाक्यावरून कळत नाही. ते परीक्षकाच्या लाल शाईवर सोडलेले आहे. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासताना आम्हीच अनुस्वाराला 'मस्ट'सारखे आणि ऱ्हस्वदीर्घाला मनःस्थितीप्रमाणे वागवले आहे. दुसऱ्या खर्ड्यात आम्ही 'ठेवलीच पाहिजे', 'ठेवावी' आणि 'ठेवता येईल' असे तीन प्रयोग ठरवून घेतले. भाषा थोडी रुक्ष झाली, पण आता ती बोलते ते कळते.

त्या 'स्टँडर्ड्स-व्हर्जन'कडे पुन्हा वळू, कारण आमच्या मते सबंध व्यवस्थेतली सर्वांत सुसंस्कृत गोष्ट तीच आहे. या ओळीत पालक एवढेच सांगतो, की नियमपुस्तकाच्या अमुक आवृत्तीशी हे पॅकेज मी शेवटचे ताडून पाहिले. पॅकेज निर्दोष आहे असा दावा तो करत नाही. आपण कुठपर्यंत पाहिले ते सांगतो आणि पुढचे पाहायचे राहिले आहे हे त्या आकड्यातूनच कबूल करतो. ३.७.२पासून २०२४ साली आलेल्या ४.७.०पर्यंत कोणत्या आवृत्तीत काय बदलले याची यादी नियमपुस्तकाला जोडलेली आहे. पालकाने ती वाचावी, लागेल ते बदलावे, काही बदलायची गरज नसेल तर नुसता आकडा पुढे न्यावा. आकडा मागे राहिला तर 'लिंटियन' नावाचे तपासयंत्र कुरकुर करते. अर्थात यादी न वाचता नुसता आकडा बदलणाऱ्याला कोणतेच यंत्र पकडू शकत नाही. जुन्याच मजकुराला 'नवीन अभ्यासक्रमानुसार' असे वेष्टन चढवून दर जूनला विकली जाणारी गाइडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पण निदान तेथे खोटे बोलायला एक जागा आखून दिलेली आहे. आपल्या समीक्षाग्रंथांत ती जागाच नसते. तिसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना नवी असते आणि आतला संदर्भ पहिल्या आवृत्तीच्या वेळचा, हे कोण कुठे नोंदवतो?

आता आमचे मत. ते आमच्या काही सहकाऱ्यांना आवडलेले नाही. मराठीत असे साहित्य आणायचे असेल तर ते पुढे सांभाळण्याची तयारी असली तरच आणावे. एरवी आणू नये. सहकारी म्हणतात, काहीच नसण्यापेक्षा जुने तरी असू द्या. आम्हांला हे पटत नाही. जुन्या मार्गदर्शिकेची झळ जाणत्याला लागत नाही, तो ती उघडतही नाही. ती लागते नवख्याला, आणि मराठीचा आधार घेणारा बहुधा नवखाच असतो. तीन दिवस खपून पॅकेज बांधले गेले नाही, आणि मग इंग्रजी पान पाहिल्यावर अर्ध्या तासात बांधले गेले, तर त्याच्या मनात मराठीविषयी काय उरेल? शिळे ठेवण्याची जागा. अनुवादाने त्याला इंग्रजीच्या भीतीतून सोडवायचे होते. अशा अनुवादाने मराठीवरचा त्याचा विश्वास मात्र घालवला.

डेबियनच्या पुस्तिकांच्या अनुवादासाठी वापरले जाणारे 'पीओफॉरए' हे साधन या बाबतीत आमच्याहून निष्ठुर आहे. ते मूळ मजकुराचे परिच्छेद सुटे करते आणि प्रत्येकाशेजारी त्याचा अनुवाद ठेवते. मुळातला परिच्छेद बदलला, की त्याच्या अनुवादावर 'फझी', म्हणजे संदिग्ध, असा शिक्का बसतो आणि पुन्हा कोणी तपासेपर्यंत त्या जागी इंग्रजीच दिसते. कोणी वेगळे सांगितले नसेल, तर अनुवादित भाग ऐंशी टक्क्यांच्या खाली घसरताच त्या भाषेतली पुस्तिका तयारच होत नाही. प्रथम वाचले तेव्हा हे आम्हांला अपमानास्पद वाटले. एकोणऐंशी टक्के मराठीला काहीच किंमत नाही? आज हे साधन आम्हांला वाचकाच्या बाजूचे वाटते.

आपल्याकडे अनुवादाचा प्रकाशनसमारंभ होतो, निगराणीचा होत नाही. अनुवाद वर्षाच्या कार्य-अहवालात मांडता येतो. त्यातले बदललेले चाळीस परिच्छेद पुढच्या वर्षी पुन्हा मुळाशी ताडून पाहिले, हे कुठल्या रकान्यात लिहायचे? प्रतींची तुलना, पाठभेदांची नोंद, संज्ञांची एकवाक्यता हे सगळे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतोच. २००९ साली आलेल्या 'लेनी' आवृत्तीत डेबियन संगणकावर चढवण्याच्या भाषांमध्ये मराठी दाखल झाली. म्हणजे ही वाट अगदीच अनोळखी नाही. एम.ए.च्या प्रकल्पासाठी मध्ययुगीन पोथीबरोबर अशी एखादी चालती संहिताही द्यावी, असा प्रस्ताव आम्ही अभ्यासमंडळापुढे ठेवला आहे. तेथे पहिला प्रश्न आला तो असा, की यात साहित्य कुठे आहे.

साठ पानांचे बाड आम्ही बाजूला ठेवले आहे. त्याच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने '२००६ ते २००८, अंतर्गत पुराव्यावरून' असे लिहिले आणि खाली दोघांनी सह्या केल्या. नव्या मार्गदर्शिकेची पहिली दोन प्रकरणे पुन्हा सुरू केली आहेत, या खेपेस परिच्छेद सुटे करून. गेल्या रविवारी मोजले तेव्हा त्यांतले अकरा 'फझी' होते. चार आम्ही तपासले, बाकीचे विद्यार्थ्याकडे दिले आहेत. त्याचा फॉन्ट मात्र इंग्रजी वाचूनच पॅकेज झाला.