सहा आठवड्यांची रजा

गेले सहा आठवडे हे सदर आले नाही. वाचकांनी पत्रे पाठविली, काहींनी घरी निरोप धाडले. 'प्रकृती बरी नाही' एवढेच उत्तर आम्ही देत होतो. ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते. आमचे हायड्रोसीलचे, म्हणजे अंडवाढीचे ऑपरेशन झाले. हे एक वाक्य लिहायला आम्हाला नऊ वर्षे लागली.

कौटुंबिक पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारील. ज्या दुखण्यापायी आम्ही घरातल्या माणसांशी बोलणे टाकले, त्याची जागा याच पानावर आहे असे आम्हास वाटते.

सूज आधी लिंबाएवढी होती. दुखत नव्हती, म्हणून दुर्लक्ष केले. पुढे ती नारळाएवढी झाली. सायकल सुटली. पँट सुटून लुंगी आली. लग्नाकार्यात आम्ही मागच्या रांगेत बसू लागलो. रोवणीच्या दिवसांत सारे घर चिखलात आणि आम्ही बांधावर. एके दिवशी आमची खाट आम्ही ओसरीत काढली. मंडळींना वाटले, आपले काही चुकले. त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. नऊ वर्षे घरात दोघेही गप्प.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे हत्तीरोगाचे जिल्हे. पाय सुजलेला माणूस दिसतो, म्हणून त्याला आपण हत्तीपाय म्हणतो. धोतराआड त्याच रोगाने सुजलेला माणूस दिसत नाही, एवढाच फरक. गटारात आणि सांडपाण्याच्या डबक्यात वाढणारा क्युलेक्स डास हा रोग पसरवितो. वर्षानुवर्षे डास चावत राहतात, जंत शरीरातील लसिकावाहिन्यांत घर करतात आणि पुरुषांच्या अंडकोशाभोवती पाणी साचते. जंतांची पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री येऊन बोटातून रक्त घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात अडीच कोटी पुरुषांना या रोगामुळे हायड्रोसील झालेले आहे. आम्ही मात्र समजत होतो की, हे आमच्या एकट्याच्याच नशिबी आले.

वर्षातून एकदा आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन येतात व समोर गिळायला सांगतात. आम्ही त्या खिशात टाकून नंतर फेकत असू. हे आज कबूल करतो. गोळ्यांनी रक्तातील जंतांची पिल्ले मरतात आणि रोगाचा प्रसार थांबतो. पण साचलेले पाणी गोळीने जात नाही, त्याला ऑपरेशनच लागते. कुणी सुईने पाणी काढून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नये. पाणी पुन्हा भरते आणि जखमेत पू होण्याची भीती राहते. शिवाय प्रत्येक सूज हायड्रोसीलच असते असे नाही. हर्निया असतो, क्वचित गाठही असते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या मनात दोन भीती होत्या. पहिली नसबंदीची. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. त्या दिवसांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो, त्यामुळे 'तिथले' ऑपरेशन म्हटले की पोटात गोळा यायचा. दुसरी भीती पुरुषत्व जाण्याची. डॉक्टरांनी चित्र काढून समजाविले. अंडकोशाभोवतीची पाण्याची पिशवी उघडून पाणी काढतात आणि ती पिशवी कापतात किंवा उलटवून शिवतात. वीर्याची नळी कापत नाहीत. लिंगाला हातही लावीत नाहीत. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला होता, आम्ही जागे होतो. तासाभरात सारे आटोपले. नऊ वर्षांचे ओझे तासाभरात उतरले.

खरी परीक्षा त्यानंतरची. ऑपरेशननंतर अंडकोश पुन्हा सुजतो. आम्ही तिसऱ्या दिवशी पाहिले आणि रोग परत आला म्हणून हादरलो. ही जखमेची सूज असते. ती हळूहळू, कित्येक आठवड्यांनी उतरते. पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवावा. आडवे पडताना खाली टॉवेलची घडी घ्यावी. उठताबसता लंगोट घट्ट असावा. जखम कोरडी ठेवावी. गोळ्या मध्येच सोडू नयेत. शेजारच्या आजीने सांगितले, डाळ खाऊ नको, पू होतो. तसे काही नाही. जखम भरायला डाळ, अंडी, भाजी हवीच. टाळायचा तो खर्रा. तंबाखूने जखम उशिरा भरते. ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी साखर ताब्यात ठेवावी.

दहाव्या दिवशी आम्ही मूर्खपणा केला. बरे वाटत होते. दारात धानाचे पोते पडले होते आणि पोरगा घरी नव्हता. पोते उचलले. संध्याकाळपर्यंत सूज टणक झाली, जखमेतून रक्त झिरपू लागले. आम्ही पुन्हा गप्प बसलो. लंगोटावरचा डाग मंडळींनी पाहिला. त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं लपवलंत, आता तरी बोला." त्यांनीच आशाताईंना बोलावले, त्यांनीच ऑटो आणला. आत रक्त साकळले होते. वेळेवर गेलो म्हणून निभावले. सहा आठवड्यांची रजा त्यामुळे आठाची होणार होती, पण नशिबाने सहातच भागले.

म्हणून सांगतो. चार ते सहा आठवडे ओझे उचलायचे नाही, सायकल चालवायची नाही, नांगर धरायचा नाही. पती-पत्नीचा संबंधही तितकेच दिवस थांबवावा. हे बायकोला आधीच सांगावे, म्हणजे तिच्या मनात भलते येत नाही. ताप आला, पू आला, सूज अचानक वाढली, लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होते. चातगावजवळच्या शोधग्रामात 'सर्च' संस्थेच्या रुग्णालयातही शस्त्रक्रियेची शिबिरे भरतात. रोवणी आणि तेंदूपत्त्याचा हंगाम सोडून तारीख घ्यावी. पोटासाठी राबणाऱ्याला हंगामात सहा आठवडे अंथरुणावर राहणे परवडत नाही आणि मग तो आमच्यासारखे पोते उचलतो.

भगिनींना एक विनंती. घरचा माणूस सायकल सोडून पायी चालू लागला, चारचौघांत बसेनासा झाला, खाट ओसरीत नेऊ लागला, तर रुसू नका. सरळ विचारा. आणि मुलांनो, बापाची कामे सहा आठवडे तुम्ही करा.

आमची खाट आता ओसरीतून आत आली आहे. पुढील आठवड्यापासून सदर नेहमीप्रमाणे येईल.