आपट्याचे पान आणि वहीचे पान

आज विजयादशमी. नवरात्राचे घट उठले. मूळ नक्षत्रावर आवाहन केलेल्या शारदेचे श्रवण नक्षत्रावर विसर्जन होऊन मिटलेल्या पोथ्या पुन्हा उघडल्या. सकाळी घरोघरी पाटीपूजन झाले असेल. एकाच्या आकड्यांनी पाटीवर रेखाटलेली ती सरस्वती, तिच्यापुढे वह्या-पुस्तके आणि वर झेंडूची फुले, हे दृश्य ज्याच्या बालपणात नाही असा मराठी माणूस विरळा. सायंकाळी सीमोल्लंघन होईल आणि आपण एकमेकांच्या हाती आपट्याचे पान ठेवून ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ असे म्हणू.

या सोन्याची कथा आम्ही गेली चाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो. महाकवी कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात ती आहे. वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स चौदा विद्या शिकला आणि गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी मुद्रांसाठी रघुराजाच्या दारी आला. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या रघूने मातीच्या पात्रातून त्याला अर्घ्य दिले. कुबेराने राजाच्या कोषागारात सुवर्णवृष्टी केली. लोककथेने ती आपट्याच्या झाडाखाली आणली. रघू म्हणे, सारे घेऊन जा. कौत्स म्हणे, गुरूंपुरतेच पुरे. देणारा राखून ठेवीना आणि घेणारा अधिक घेईना!

वाचकहो, या कथेतील एक गोष्ट आमच्याही ध्यानात फार उशिरा आली. दसऱ्याचे सोने कोणा सेनापतीसाठी पडले नाही. ते एका विद्यार्थ्याच्या गरजेसाठी पडले. आणि त्या विद्यार्थ्यापुढे सम्राट उभा राहिला तो हात जोडून.

आजचा कौत्स तिसरीच्या वर्गात खाली बसलेला आहे. त्याला चौदा कोटी नकोत. एक दुरेघी वही, एक चौकटींची वही, पेन्सिल आणि खोडरबर हवे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचे शिक्षण मोफत केले आणि शासकीय शाळेतील मुलाला पाठ्यपुस्तकही विनामूल्य मिळू लागले. वहीचे मात्र तसे नाही. २०२३-२४ पासून राज्य शासनाने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडून पाहिली. दप्तराचे ओझे घटावे आणि गरीब पालकांचा खर्च वाचावा, हा त्यामागील हेतू. पण मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि २०२५-२६ पासून ती योजना मागे घेण्यात आली. वहीचा भार पालकांच्याच खांद्यावर राहिला.

वहीवाचून काय अडते, असे कोणी विचारील. लहान मुलाची विद्या ही डोळ्यांइतकीच बोटांची असते. पाटीवर अक्षर चुकले तर पुसता येते, म्हणून पाटी मुलाला निर्भय करते. वहीत चूक तशीच राहते, शिक्षकाला ती दिसते आणि दुरुस्त करता येते, म्हणून वही त्याला शहाणे करते. चौकटीत अंक मांडल्यावाचून एकक-दशकाचे स्थान कळत नाही. चिंचोके किंवा मणी हाती मोजल्यावाचून हातचा का घ्यावा हे उमगत नाही. साधन नसलेले मूल वर्गात बसते खरे, पण ते केवळ श्रोता होऊन बसते. आणि नुसत्या श्रवणाने कोणी गणिती झाल्याचे ऐकिवात नाही.

त्याहून मोठी हानी वेगळीच आहे. ‘वही कुठे?’ असे बाई विचारतात आणि ‘विसरलो’ असे मूल सांगते. घरात पैसे नाहीत, हे सांगण्यापेक्षा विसराळू ठरणे त्याला सोपे वाटते. दोन दिवस हे खपते, तिसऱ्या दिवशी बोलणी बसतात आणि चौथ्या दिवशी ते शाळेलाच येत नाही.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळींनी मोठ्या उत्साहाने वह्यावाटप केले. मंडप घातला, दात्यांची भाषणे झाली, एकेका मुलाचे नाव पुकारून छायाचित्रे काढली. एक मुलगा नाव पुकारले तरी उठला नाही. मान खाली घालून तो बसून राहिला. त्या दिवशी त्याला वही मिळाली नाही आणि आम्हाला झोप लागली नाही. दान लज्जेने, विनयाने द्यावे, असे तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली सांगते. आम्ही ती शिष्यांना शिकवीत होतो आणि लज्जा मात्र घेणाऱ्याच्या वाट्याला देत होतो!

दानाचा विवेक आजच्या विद्वानांनीही तपासला आहे. आंध्र प्रदेशातील शाळांना वह्या, पाट्या, सरावसाहित्य यांसाठी अनुदान देऊन पाहिलेल्या एका प्रयोगाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी अनुदान अनपेक्षित होते, तेव्हा मुलांची प्रगती झाली. दुसऱ्या वर्षी ते अपेक्षित झाले, तेव्हा पालकांनी आपला खर्च कमी केला आणि मुलांच्या गुणांत विशेष भर पडली नाही. गरिबाच्या घरचे चार पैसे वाचले, हेही पुण्यच. केनियातील २००९ च्या एका अभ्यासात पाठ्यपुस्तके वाटूनही लाभ झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. कारण पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेकांना ती नीट वाचताच येत नव्हती. तात्पर्य, नुसते साधन विद्या देत नाही. योग्य वेळी, योग्य हाती पडलेले योग्य साधन ती देते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक दानाच्या लक्षणात देश, काल आणि पात्र हेच तर सांगितले आहे.

काल म्हणावा तर तो हाच. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा वह्या वाटणारे पुष्कळ असतात. त्या वह्या दसऱ्यापर्यंत भरतात, पेन्सिली बोटभर उरतात आणि दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सत्राची आठवण कोणालाच नसते. वर्षारंभीचा खर्च पालक कसाबसा करतो. हा दुसरा खर्च बहुधा होतच नाही. मग मुले बारीक अक्षरे काढतात, जुनी पाने खोडून त्यांवरच लिहितात. येथे दिलेली वही घरच्या खर्चाची जागा घेत नाही. ती नसलेलीच जागा भरते.

यास्तव आम्ही नवरात्रातील कीर्तनात एक पालट केला. हार-नारळ आणू नका, वही आणा, असे श्रोत्यांना सांगितले. कोणती वही, ते आधी शाळेतील बाईंना विचारले. जमलेल्या वह्या वर्गातील कपाटात गेल्या. त्यांवर दात्याचे नाव नाही की देवस्थानचा शिक्का नाही. ज्याची वही भरली त्याने कपाटातून नवी घ्यावी, इतकाच नियम. गेल्या वर्षी बाई आम्हाला म्हणाल्या, “बुवा, ‘विसरलो’ हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही.” आजवर मिळालेल्या साऱ्या बिदागीत ही आम्हाला मोठी वाटली.

आज सायंकाळी आपट्याचे पान अवश्य द्यावे. परंपरेची ती गोड खूण आहे. उद्या मात्र जवळच्या शाळेत जाऊन काय कमी आहे ते विचारावे आणि तेवढेच, गाजावाजा न करता, पोचते करावे. कौत्साला मान खाली घालावी लागू नये आणि रघूला मान वर करावीशी वाटू नये, हीच आई शारदेच्या चरणी आमची प्रार्थना.