ओकाचं शेत आणि वडाचं खाचर

मंडळी, आधीच कबूल करते. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी वाइन प्यायले. तीही फ्रान्सची, आणि पंचवीस वर्षांहून जुनी. ज्या नातेवाइकांना धक्का बसायचा असेल त्यांनी तो आत्ताच बसवून घ्यावा, कारण खरा मुद्दा पुढे आहे.

माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, बरीच वर्षं फ्रान्सात नोकरीला होता. परत आल्यावर त्याने मुळशीला घर बांधलं. घराखाली एक खोली आहे. तो तिला सेलर म्हणतो, मी तळघर म्हणते. आत यंत्र लावून बारा-तेरा अंश तापमान ठेवलेलं. बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा शिरत नाही. विमानातून माणशी दोन लिटर आणायची सवलत, त्यातून फेरीला दोन-दोन करत जमवलेल्या. लाइट गेली की इन्व्हर्टर आधी तळघराला, मग माणसांच्या पंख्याला!

दिवाळीनंतर त्याने आम्हा भावंडांना जेवायला बोलावलं. गाळ तळाशी बसावा म्हणून बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती. लेबलवर गावाचं नाव व्होल्ने, त्याखाली 'क्लो दे शेन', साल १९९९. द्राक्षाचं नाव कुठेच नाही. विचारलं तर म्हणाला, "आत्या, बर्गंडीची चांगली लाल वाइन म्हणजे पिनो न्वार, ते काय लिहायचं? लिहायचं ते शेताचं नाव. क्लो दे शेन म्हणजे ओकाच्या झाडांचं कुंपणातलं शेत."

रंग जुन्या विटेसारखा, कडेला नारिंगी झाक. पहिल्यांदा वास काहीच आला नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मात्र श्रावणातलं ताम्हिणीचं रान आलं: भिजलेला पालापाचोळा, अळंबी, ओली माती, आणि त्यामागे सुकलेल्या गुलाबाची पाकळी. चव गोड नाही, जळजळ नाही. आमसुलासारखा हलका आंबटपणा, आणि घोट गेल्यावरही जिभेवर रेंगाळणारं काहीतरी. तासाभरात तो वास उतरलाही. पंचवीस वर्षं थांबायचं ते तासाभरासाठी. मी हसले नाही. आमची आई आंबेमोहोर वर्षभर कणगीत मुरवून मगच पाहुण्यांना वाढायची. थांबण्याची किंमत आम्हाला नवी नाही.

भाचा रंगात आला होता. म्हणाला, तिथे शेताच्या एकेका तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. असे १२४७ तुकडे २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. रोमाने-कोंती हे जगप्रसिद्ध शेत साडेचार एकरांच्या आसपास. क्लो द वूजो सुमारे सव्वाशे एकर आणि मालक ऐंशीच्या घरात! नेपोलियनच्या काळापासून भावाबहिणींत सारख्या वाटण्या होत आल्या. कुणाच्या वाट्याला नुसत्या चार ओळी वेली. पण शेताचं नाव एकच, आणि ते बाटलीवर.

मी शिक्षिका. विद्यार्थी इतका छान बोलला की मला भरून येतं. तेवढ्यात जेवण आटोपलं आणि माझ्या पुढ्यात हक्कसोडपत्र आलं.

वडिलांची जमीन विकायची ठरली आहे, बहिणीची सही हवी. कारण? "आत्या, तुकडे फार झाले. कुणालाच परवडत नाही." मी विचारलं, "कोणकोणती खाचरं रे?" त्याने गट क्रमांक सांगितले. म्हटलं, नावं सांग. येईनात. भावांनाही दोनच आठवली. वडाचं खाचर, चिंचोळं, पाणथळी, दांडावरचं... मी सांगितली. व्होल्नेतल्या ओकांची ज्याला माहिती, त्याला आजोबांचा वड माहीत नाही!

तुकड्यांचं कारण मला सांगू नका. ऐंशी मालकांतही ज्याचं नाव आणि मोल टिकतं, ते तुकड्यांनी मरत नाही. नाव विसरल्याने मरतं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानंतर गटवारी झाली, सातबाऱ्यावर आकडे आले, आणि आपण आकड्यांनाच जमीन समजू लागलो. आकडा विकताना हात थरथरत नाही. १९२१ साली याच मुळशीत सेनापती बापटांबरोबर माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्यांच्याकडून जमीन हिसकावून घ्यावी लागली. आपण जेवणानंतर पेन काढतो. उद्या तिथे इंग्रजी नावाची कुठलीतरी व्हॅली उभी राहील, आणि त्यातल्या एखाद्या बंगल्यात कुणी दुसऱ्या देशातल्या शेताचं नाव चवीने घेईल.

दुसरी बाजू मलाही दिसते. आंबेमोहोर कमी पिकतो, रोगाला लवकर बळी पडतो, म्हणून लोक इंद्रायणीकडे वळले. दुकानात कुठलाही बारीक वासाचा तांदूळ आंबेमोहोर म्हणून खपतो. तिकडे १९३० च्या दशकापासून कायदा नावाची राखण करतो, म्हणून शेतकऱ्याला भाव मिळतो. इथे शेतकऱ्याने नुसत्या आठवणींवर जगावं असं मी म्हणणार नाही. ज्याला खरंच गरज आहे त्याने विकावं. पण आमच्या घरात गरज कुणाला आहे? तळघर थंड ठेवणाऱ्याला?

२००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. भावांकडे मी आजवर दाणाही मागितला नाही. आता मागते. मी सही केलेली नाही. माझा वाटा म्हणून वडाचं खाचर द्या. वाट्याने करणारा आहे, त्याला बी आणि खताचे पैसे मी पेन्शनमधून देईन. येईल तेवढा आंबेमोहोर येईल, आणि पोत्यावर खाचराचं नाव मी स्वतः लिहीन.

आणि बाळा, रागावू नकोस. वाइन खरंच छान होती. पुढची बाटली उघडशील तेव्हा कळव, पण आधी एकदा माझ्याबरोबर बांधावर चल. तोंडी परीक्षा घेणार आहे. चारच नावं आहेत, १२४७ नाहीत.